डोमेन नोंदणीच्या धोरणात गैरवापराची व्याख्या कशी करावी आणि तक्रार कशी हाताळावी

डोमेन नोंदणीचे धोरण लिहिताना बहुतेक जण ‘डोमेनचा कोणत्याही प्रकारचा गैरवापर खपवून घेतला जाणार नाही’ असे एक वाक्य घालून मोकळे होतात. वाक्य करारी वाटते, परंतु पहिली तक्रार येताच ते निरुपयोगी ठरते, कारण तक्रारदार त्यात आपले गाऱ्हाणे वाचतो, नोंदणीधारक आपला बचाव वाचतो आणि निर्णय करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती कोणतीच कसोटी राहत नाही. म्हणून व्याख्येची सुरुवात कृत्यांच्या यादीपासून न करता हानीपासून करावी. आयकॅन या जगभरच्या डोमेननावांचा समन्वय करणाऱ्या संस्थेच्या रचनेत सर्वसामान्य डोमेनांचे (.com सारख्या) धोरण ठरवणाऱ्या जीएनएसओ या मंडळाच्या कार्यगटाने २०१० च्या अहवालात हाच मार्ग धरला होता. एखाद्या कृत्याने प्रत्यक्ष व लक्षणीय हानी झाली पाहिजे किंवा ते अशा हानीची महत्त्वाची पूर्वतयारी असले पाहिजे, आणि त्याच वेळी ते बेकायदेशीर, गैर किंवा जाहीर केलेल्या वैध हेतूच्या विरुद्ध असले पाहिजे, तरच त्याला गैरवापर म्हणावे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. दोन्ही अटी एकत्र लागू करण्याचा फायदा असा, की केवळ अप्रिय किंवा टीकात्मक मजकूर आपोआप बाहेर राहतो.

दुसरी पायरी म्हणजे नोंदणीतील गैरप्रकार आणि नोंदणीनंतरच्या वापरातील गैरप्रकार वेगळे करणे. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर डोळा ठेवून नाव अडवणे किंवा खोटा संपर्क देणे हे नोंदणीच्या क्षणीच घडते. फिशिंगचे, म्हणजे ओळखीच्या सेवेचे सोंग घेऊन पासवर्डसारखी माहिती चोरणारे, पान मात्र नंतर उभे राहते, आणि ते नोंदणीधारकाने उभारले असेलच असे नाही. काही प्रकरणांत ही सीमारेषा पुसट होते. कॉन्फिकर हा संगणक-किडा रोज नव्या डोमेननावांची यादी स्वतःच तयार करत असे. आरंभी ती दिवसाला २५० नावांची होती, पुढे २००९ मध्ये आलेल्या आवृत्तीत ती ५०,००० वर गेली. तिथे रजिस्ट्रींना (.com सारख्या एकेका शेपटाखालच्या सर्व नावांची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थांना) नावांची नोंदणी होण्याआधीच ती अडवावी लागली. धोरणात अशा आगाऊ अडवणुकीचा अधिकार स्पष्टपणे लिहिलेला नसेल, तर प्रसंग आल्यावर तो कोठून आणायचा हा प्रश्न उरतो.

नोंदणीतील काही गैरप्रकार तक्रारींनी मिटतच नाहीत, ते शुल्काच्या नियमाने मिटतात. नाव घेतल्यावर पाच दिवसांत ते रद्द केल्यास पैसे परत मिळत असत. त्याचा फायदा घेऊन लाखो नावे फुकट चाखून पाहण्याचा धंदा फोफावला होता. २००९ मध्ये महिन्याच्या निव्वळ नव्या नोंदण्यांच्या दहा टक्के किंवा पन्नास, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढ्याच रद्द नोंदण्यांचे पैसे परत देण्याची मर्यादा आली आणि तो धंदा ओसरला. धोरण लिहिणाऱ्याने प्रत्येक कलमापाशी स्वतःला विचारावे, की येथे शिक्षा हवी की हिशेब बदलायला हवा.

वापराच्या बाजूची यादी मात्र नेमकी असावी. रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार (ग्राहकांच्या वतीने नावे नोंदवणाऱ्या कंपन्या) यांच्याशी असलेल्या करारांच्या एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आयकॅनने मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (ताबा घेतलेल्या संगणकांचे जाळे), फिशिंग, फार्मिंग (वापरकर्त्याला नकळत बनावट संकेतस्थळाकडे वळवणे) आणि या चारांचा प्रसार करण्यासाठी पाठवलेला स्पॅम एवढ्याच गोष्टी डीएनएस (डोमेननावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) गैरवापर म्हणून धरल्या आहेत. नुसता त्रासदायक जाहिरातीचा मेल त्यात येत नाही, आणि तसे असणे माझ्या मते योग्यच आहे. नावावरील हक्काचा वाद या कलमात ओढू नये. त्यासाठी १९९९ पासून यूडीआरपी ही स्वतंत्र वादनिवारण पद्धत आहे, जिच्यात आपल्या व्यापारचिन्हाशी नावाचे साम्य, वैध हिताचा अभाव आणि वाईट हेतूने केलेली नोंदणी व वापर या तिन्ही गोष्टी तक्रारदाराला सिद्ध कराव्या लागतात.

आता कारवाईकडे वळू. रजिस्ट्रारजवळचे हत्यार फार बोथट असते, हे आधी मान्य करावे. त्याला एक पान किंवा एक चित्र काढून टाकता येत नाही. तो नाव ‘होल्ड’वर टाकतो, म्हणजे ते डीएनएसमधून नाहीसे होते आणि त्याबरोबर त्या नावाखालची सर्व संकेतस्थळे, उपडोमेने व ईमेल बंद पडतात. हजारो ग्राहकांना उपडोमेने देणाऱ्या सेवेत एका उपडोमेनवर फिशिंग आढळले म्हणून मूळ नाव बंद केले, तर चोर एक आणि शिक्षा हजारांना, असे होते. यासाठी धोरणात पहिला प्रश्न असा घालावा: हे नाव मुळातच फसवणुकीसाठी घेतले आहे, की प्रामाणिक मालकाचे संकेतस्थळ कोणीतरी फोडले आहे? नोंदणी कालपरवाची आहे का, नाव एखाद्या प्रसिद्ध सेवेशी मिळतेजुळते आहे का, त्याच खात्यातून एकाच वेळी तशीच आणखी नावे घेतली आहेत का, यावरून उत्तराचा अंदाज येतो. पहिल्या प्रकारात नाव ताबडतोब रोखावे. दुसऱ्या प्रकारात मालकाला व होस्टिंग कंपनीला (संकेतस्थळ जिच्या संगणकावर ठेवले आहे तिला) कळवून दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी, आणि हानी चालूच राहिली तरच पुढचे पाऊल उचलावे.

तक्रार स्वीकारण्याचा पत्ता किंवा फॉर्म संकेतस्थळावर सहज सापडेल असा ठेवावा आणि तक्रार पोहोचल्याची पोच द्यावी. तक्रारीत पूर्ण पत्ता, पाहिल्याची वेळ व कालविभाग, पडद्याचे छायाचित्र आणि फसवा मेल असल्यास त्याचे संपूर्ण हेडर (मेल कोठून कसा आला याची तांत्रिक नोंद) मागावे. फिशिंगची पाने अनेकदा विशिष्ट देशातून किंवा फक्त मोबाइलवरूनच दिसतात, त्यामुळे तपासणाऱ्याला पान दिसले नाही एवढ्यावरून तक्रार फेटाळू नये. कारवाईयोग्य पुरावा हाती आल्यावर गैरवापर थांबवण्यासाठी किंवा त्यात अडथळा आणण्यासाठी तत्पर पावले उचलणे २०२४ च्या दुरुस्तीनंतर रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. रजिस्ट्रारचे कार्यालय जेथे आहे तेथील पोलिस किंवा तत्सम सरकारी यंत्रणेने कळवलेल्या बेकायदा कृत्याची तक्रार २४ तासांत, निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीने पाहावी, ही अट त्याही आधी २०१३ च्या करारातच होती.

नाव रोखल्यावर नोंदणीधारकाला कारण, संबंधित कलम आणि दाद मागण्याचा मार्ग लेखी कळवावा, आणि चूक झाल्याचे दिसताच होल्ड कोण काढणार याचे नाव नव्हे, पद धोरणात लिहून ठेवावे, कारण अशा चुका बहुधा सुट्टीच्या दिवशीच उघड होतात.