सॅच्युरेशन शंभर? आधी ब्लेंडर बघा

पुण्यात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, लागलेल्या मुलींची नजर सुरुवातीला मॉनिटरवरच्या सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या, आकड्यावरच खिळलेली असते. खाली गेला की धावपळ, शंभर दिसला की हुश्श. मोठ्यांच्या वॉर्डात हे एकवेळ चालून जातं. पण तिसाव्या आठवड्यातच जन्मलेलं बाळ ऑक्सिजनवर असेल आणि शंभर दिसत असेल, तर मला धडकी भरते. आधी ब्लेंडर, म्हणजे हवा आणि ऑक्सिजनचं मिश्रण ठरवणारं यंत्र, बघायचं.

प्रोब, म्हणजे बाळाच्या हाताला किंवा पायाला लावलेला सेन्सर, लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय, एवढंच सांगतो. ते एकदा भरलं की रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० असो की ३००, आकडा तोच. जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या अर्धवट वाढलेल्या पडद्याला इजा होते, त्यातून आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडद्याचा आजार) होतो, दृष्टीही जाऊ शकते. म्हणून ९० ते ९५ मध्ये ठेवायचं आणि वरचा अलार्मही लावायचा. सारखा वाजतो म्हणून तो बंद करणारे सीनियर भेटतील, त्यांचं ऐकू नका. मात्र फार खालीही नको. मोठ्या चाचण्यांत ८५ ते ८९ मध्ये ठेवलेल्या बाळांत आरओपी कमी झाला, पण मृत्यू वाढले. बाळ साध्या हवेवर असेल तर ९९ दिसले तरी निवांत राहा.

आकड्याआधी मॉनिटरवरची नाडीची लाट बघायची. जुन्नरकडून डिसेंबरात १०८ने आलेल्या बाळाचे पाय गार पडलेले असतात. लाट सपाट असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. आधी बाळाकडे बघा, स्टेथोने ठोके मोजून मॉनिटरशी जुळवा, मग पाय उबेत घ्या. फोटोथेरपी (काविळीसाठीचा प्रकाशोपचार) चालू असेल तर प्रोबवर कापड टाका. पट्टी आवळू नका आणि दर काही तासांनी जागा बदला. ही कातडी कागदासारखी असते.

लेबर रूममध्ये प्रोब उजव्या हातालाच. जन्मानंतर पहिल्या मिनिटाला ६०-६५, पाचव्याला ८०-८५ हे नॉर्मल आहे. इंटरव्ह्यूत हे हमखास विचारतात.

आणि ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः दोन किलोंच्या आतल्या बाळाची डोळ्यांची पहिली तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी, फार लहान बाळांची त्याहून आधी. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहा. डोळे वरून स्वच्छच दिसतात, त्यामुळे आजी म्हणते, “कशाला एवढ्याशा जिवाला त्रास?” पडदा आत असतो, हे तिलाच नीट समजवा. घरात बहुतेक वेळा तिचंच चालतं.