विज्ञान विभागात पीएचडी करताना: नियम, नोंदी आणि अपेक्षा

विद्यापीठाच्या विज्ञान विभागात पीएचडीला प्रवेश मिळाला, की विद्यार्थ्याच्या हाती प्रवेशपत्र, शुल्काची पावती आणि वसतिगृहाचा अर्ज पडतो; विभागाची त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे, हे मात्र सहसा कोणी एका जागी लिहून देत नाही. काही गोष्टी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमावलीत असतात, काही विद्यापीठाच्या परिपत्रकांत, काही मार्गदर्शकांच्या मनात आणि उरलेल्या लॅबमधल्या सिनिअर मंडळींच्या रोजच्या सवयींत. या चारही ठिकाणची माहिती पहिल्या महिन्यातच गोळा करणे हे संशोधक विद्यार्थ्याचे पहिले काम आहे. पुढील विवेचन महाराष्ट्रातील आणि गोव्यातील विद्यापीठांत पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांना समोर ठेवून केले आहे आणि उदाहरणे मुख्यतः रसायनशास्त्रातली घेतली आहेत. तरी त्यातील बराचसा भाग इतर विज्ञान विभागांनाही लागू पडतो.

मुदतीचा हिशेब आणि कोर्सवर्क

सध्याची नियमावली आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये अधिसूचित केली. तिच्यानुसार पीएचडीचा किमान कालावधी कोर्सवर्क (सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम) धरून तीन वर्षे आणि कमाल कालावधी सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते, मात्र एकूण कालावधी आठ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. महिला संशोधकांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि हा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नव्हे, हे मार्गदर्शकांनीही ध्यानात ठेवायला हवे.

ही मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जाते. संशोधनाचा विषय समितीकडून मंजूर झाल्यावर घड्याळ सुरू होते, असा समज विद्यार्थ्यांमध्ये बराच पसरलेला आहे आणि त्यापायी पहिले वर्ष विषय शोधण्यात निवांतपणे निघून जाते. म्हणून प्रवेशाच्या आठवड्यातच कमाल मुदतीची तारीख लिहून ठेवावी आणि तिथून उलटे मोजत यावे: प्रबंध लिहिण्यास किमान सहा महिने, त्याआधी राहिलेले प्रयोग आणि परीक्षकांच्या शंका गृहीत धरून करावयाच्या पडताळण्यांसाठी तेवढेच, त्याआधी उपकरणांच्या प्रतीक्षेत जाणारा वेळ. असा हिशेब मांडला की सहा वर्षांतली प्रत्यक्ष प्रयोगांची वर्षे किती थोडी उरतात, ते स्पष्ट दिसते.

कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचे (क्रेडिट) असते आणि त्यात किमान 55 टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी मिळवावी लागते. संशोधन व प्रकाशन नैतिकता हा दोन श्रेयांकांचा विषय त्यात अनिवार्य आहे. ऐच्छिक विषय निवडताना सोपा पेपर कोणता, याऐवजी आपल्या कामाला काय लागणार आहे, याचा विचार करावा. प्रायोगिक विज्ञानातल्या बहुतेक विद्यार्थ्यांचे संख्याशास्त्र कच्चे असते, आणि त्रुटींचे विश्लेषण, नमुन्यांची संख्या, आलेखाची जुळवण या गोष्टी चौथ्या वर्षी घाईघाईने शिकण्यापेक्षा कोर्सवर्कमध्ये शिकून घेणे केव्हाही श्रेयस्कर. याच नियमावलीनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगवर्ग किंवा मूल्यमापनाचे काम दिले जाऊ शकते. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांचे प्रॅक्टिकल घेणे हे संशोधनातले विघ्न मानू नये. ज्याला अनुमापनातली (टायट्रेशनमधली) चूक दुसऱ्याला समजावून सांगता येते, त्याचे स्वतःचे प्रयोगही अधिक नेटके होतात. मात्र हे काम सहा तासांच्या वर वारंवार जाऊ लागले, तर विभागप्रमुखांकडे ते नम्रपणे पण लेखी मांडावे.

सल्लागार समितीपुढचे सादरीकरण

प्रत्येक संशोधकासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. दर सत्रात एकदा तिच्यापुढे उभे राहून झालेले काम सादर करावे लागते आणि सहामाही प्रगती अहवाल द्यावा लागतो. अनेक विद्यार्थी याकडे परीक्षा म्हणून पाहतात आणि केवळ यशस्वी झालेले प्रयोग दाखवतात. हे नुकसानीचे आहे. समितीतला दुसऱ्या शाखेचा प्राध्यापक तुमचा अडलेला प्रयोग पाहून जे सुचवू शकतो, ते तुमच्या लॅबमध्ये कोणालाच सुचलेले नसते, पण त्यासाठी अडलेला प्रयोग त्याला दिसला पाहिजे. सादरीकरणाचा एक भाग फसलेल्या प्रयत्नांना द्यावा, प्रत्येक प्रयत्नात कोणती स्थिती बदलली हे एका तक्त्यात दाखवावे आणि पुढच्या सहा महिन्यांची योजना शेवटी ठेवावी. समितीने केलेल्या सूचना त्याच दिवशी लिहून काढून सर्व सदस्यांना ईमेलने पाठवाव्यात, कारण पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच सूचनांपासून होते. प्रगती असमाधानकारक असेल तर समिती त्याची कारणे नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या सूचनांची अंमलबजावणी झाली नाही तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते.

लॅब नोटबुक

विभागाची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी अपेक्षा ही आहे, की तुमच्या नोंदीवरून दुसऱ्या कोणालाही तुमचा प्रयोग तसाच्या तसा करता यावा. यावर मी इतर कशाहीपेक्षा अधिक भर देईन, कारण प्रबंधाचा प्रायोगिक विभाग, शोधनिबंधाची पूरक माहिती आणि परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरे हे सगळे याच वहीतून बाहेर पडते.

पदव्युत्तर वर्गांत सर्वांनी केलेला एक साधा प्रयोग घेऊ. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफेनोन यांपासून सोडियम हायड्रॉक्साइडच्या उपस्थितीत चाल्कोन तयार करायचे आहे. एका वहीत अशी नोंद सापडते: ‘बेंझाल्डिहाइड व ॲसिटोफेनोन घेऊन बेस घातला, रात्रभर ढवळले, पिवळा पदार्थ मिळाला, उत्पन्न चांगले.’ दोन वर्षांनी ही नोंद लिहिणाऱ्यालाही निरुपयोगी ठरते. दुसऱ्या वहीत त्याच प्रयोगाखाली तारीख आणि पृष्ठक्रमांक असतो, बेंझाल्डिहाइड 1.06 ग्रॅम म्हणजे 10 मिलिमोल, ॲसिटोफेनोन 1.20 ग्रॅम म्हणजे 10 मिलिमोल, इथेनॉल किती मिलिलिटर, बेसची तीव्रता किती आणि तो किती मिनिटांत थेंबथेंब घातला, त्या वेळी फ्लास्क बर्फाच्या पाण्यात होता की नाही, टीएलसी (मिश्रणातले घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे दाखवणारी चाचणी) किती वाजता घेतली आणि तिच्यावर कोणते ठिपके दिसले, त्या प्लेटचे चित्र, गाळून वाळवल्यावर मिळालेले वजन 1.77 ग्रॅम, सैद्धांतिक 2.08 ग्रॅमच्या तुलनेत उत्पन्न 85 टक्के, आणि पुनःस्फटिकीकरणानंतर नोंदवलेला द्रवणांक, हे सगळे तिथे असते. बेंझाल्डिहाइडची बाटली कधी उघडली होती, हेसुद्धा लिहिलेले असते, कारण हवेशी संपर्क आल्यावर त्याचे हळूहळू बेंझोइक आम्लात रूपांतर होते आणि जुन्या बाटलीमुळे उत्पन्न घटू शकते.

नोंद प्रयोग चालू असतानाच शाईने करावी. सुट्या कागदावर लिहून संध्याकाळी वहीत उतरवण्याची पद्धत टाळावी, कारण उतरवताना मन नकळत आकडे नीटनेटके करते. चुकलेली ओळ एकाच रेघेने खोडावी, म्हणजे ती वाचता येते. पान फाडू नये. एनएमआर, मास किंवा एक्स-रे विवर्तन या पदार्थ ओळखण्याच्या चाचण्यांच्या फाइलला तोच पृष्ठक्रमांक द्यावा, आणि केवळ छापील वर्णपटावर समाधान न मानता उपकरणातून निघालेली मूळ फाइल दोन ठिकाणी जतन करावी. वही आणि मूळ विदा (डेटा) विभागाच्या मालकीच्या असतात, त्या घरी नेण्याआधी मार्गदर्शकांची परवानगी घ्यावी.

सुरक्षितता आणि परवानग्या

चष्मा, ॲप्रन, बंद बूट आणि कामाला योग्य असे हातमोजे यांबद्दल चर्चा नको. टाकाऊ द्रावकांच्या बाटल्यांबाबत मात्र नव्या विद्यार्थ्यांकडून धोकादायक चुका होतात. क्लोरिनयुक्त द्रावके वेगळ्या बाटलीत जातात. नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांच्या बाटलीत कधीही ओतू नये. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र असताना त्यात अल्कली गेली तर तीव्र उष्णता निर्माण होऊन बाटली फुटू शकते. रात्री एकट्याने प्रयोग करू नये, आणि चालू ठेवलेल्या प्रत्येक प्रयोगावर नाव, फोन क्रमांक आणि आत काय आहे याची चिठ्ठी लावावी.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुने गोळा करण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. या परवानग्यांना महिने लागतात, म्हणून त्यांचे अर्ज पहिल्याच सत्रात करावेत. पश्चिम घाटात काम करणाऱ्याचा पावसाळा परवानगीअभावी हुकला, तर तो थेट पुढच्या वर्षीच मिळतो.

शिष्यवृत्ती

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळालेल्यांना 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून 42,000 रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. जेआरएफचे एसआरएफ होणे आपोआप घडत नाही. त्यासाठी दोन वर्षांच्या कामाचे मूल्यमापन व्हावे लागते, आणि कागदपत्रे उशिरा गेली तर वाढीव रक्कम अडकते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्तीही आहेत. कोणतीही शिष्यवृत्ती असो, उपस्थिती, प्रगती अहवाल आणि खर्चाची पावती यांची स्वतंत्र फाइल ठेवावी, आणि एका वेळी दोन ठिकाणचे मानधन घेऊ नये. रक्कम काही महिने उशिरा येण्याचे प्रसंग घडतात. घरून पैसे मिळण्याची शक्यता नसलेल्या विद्यार्थ्याने सुरुवातीच्या महिन्यांतच थोडी शिल्लक बाजूला ठेवावी.

मार्गदर्शकांशी व्यवहार

2022 च्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधकांना मार्गदर्शन करता येते. आठ विद्यार्थी असलेल्या सरांकडून किंवा मॅडमकडून रोज तासभर मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पण आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेट व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पहिल्याच महिन्यात मोकळेपणाने बोलून ठरवावी. भेटीला जाताना एक पान लिहून न्यावे: काय केले, काय मिळाले, कुठे अडले, पुढे काय करू इच्छितो. ‘सर, रिॲक्शन होत नाही’ एवढे सांगून मदत मिळत नाही. कोणत्या तापमानाला, कोणत्या द्रावकात आणि किती वेळ करून पाहिली, हे सांगितले तर मिळते. वाईट बातमी आधी सांगावी. उपकरण बिघडले, नमुना सांडला किंवा जुना निष्कर्ष पुन्हा मिळत नसला, तर ते त्याच दिवशी कळवावे.

लेखकांच्या नावांचा क्रम हा विषय शोधनिबंध लिहून झाल्यावर काढला की कटुता येते, म्हणून कामाच्या वाटणीच्या वेळीच तो काढावा. मतभेद झाले तर आधी सल्लागार समिती, मग विभागप्रमुख, मग विद्यापीठाचा तक्रार निवारण कक्ष असा क्रम आहे, आणि मार्गदर्शक बदलण्याची तरतूदही आहे. लैंगिक छळाच्या बाबतीत मात्र हा क्रम पाळण्याची गरज नाही. 2013 च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या अंतर्गत समितीकडे थेट, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करता येते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावे लागलेल्या महिला संशोधकांना आपले काम आणि विदा नव्या संस्थेत नेण्याची मुभा नियमावलीने दिली आहे, आणि ही तरतूद फार थोड्या मुलींना माहीत असते.

शोधनिबंध, प्रबंध आणि व्हायव्हा

प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही अट आयोगाने 2022 मध्ये काढली. तरीही विद्यापीठाच्या किंवा विभागाच्या स्वतःच्या नियमांत ती असू शकते, म्हणून लेखी चौकशी करावी. आणि पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधनाचे पद) किंवा नोकरी हवी असेल तर चांगले निबंध लागतातच. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी 2025 मध्ये बंद झाल्यामुळे नियतकालिकाची पारख आता स्वतःच करावी लागते. संपादक मंडळातील व्यक्ती त्या विषयात खरोखर काम करतात का, समीक्षणाला किती वेळ लागतो आणि आपल्या क्षेत्रातले जाणकार तिथे लिहितात का, हे पाहावे. आठवड्याभरात स्वीकृती आणि त्याबरोबर शुल्काची मागणी आली, तर तिथे काम देऊ नये.

वाङ्मयचौर्याबाबत 2018 चे नियम लागू आहेत. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. 10 ते 40 टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. 60 टक्क्यांहून अधिक साम्य असेल तर नोंदणी रद्द होते. परंतु 10 टक्क्यांची चौकट ही उचलेगिरीची परवानगी नाही. दुसऱ्याचा आलेख किंवा कल्पना संदर्भ न देता घेतली, तर सॉफ्टवेअरला ती दिसली नाही तरी ती चोरीच असते.

प्रबंध सादर करण्यापूर्वी सल्लागार समितीपुढे खुले सादरीकरण होते. त्यानंतर प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि अनुकूल अहवाल आल्यावर व्हायव्हा (तोंडी परीक्षा) होते. ही सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करणे विद्यापीठावर बंधनकारक आहे, म्हणून सादर केल्याची पोच तारखेसह जपून ठेवावी आणि परीक्षा विभागात ठरावीक अंतराने विचारणा करत राहावी. व्हायव्हाच्या तयारीत प्रबंधापेक्षा परीक्षकांचे अहवाल अधिक बारकाईने वाचावेत. प्रत्येक आक्षेपाचे उत्तर वहीतल्या नोंदीच्या आधारे एका पानात लिहून न्यावे, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असे सांगावे.

व्हायव्हा झाल्यावर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी, नमुन्यांच्या बाटल्यांवरील लेबले तपासून त्यांची यादी लॅबमध्ये सोपवावी आणि ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, भांडार व वसतिगृह यांच्या सह्या घ्याव्यात. पदवी 2022 च्या नियमावलीनुसार दिली असल्याचे नमूद करणारे तात्पुरते प्रमाणपत्र त्याच फेरीत मागून घ्यावे, कारण प्राध्यापक भरतीच्या अर्जाबरोबर ते जोडावे लागू शकते आणि दीक्षान्त समारंभापर्यंत थांबल्यास जाहिरातीची मुदत निघून जाते.