कोकणात नव्याने राहायला येताय? आधी न्यूट्रल बघा, मग बिल

पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातली नोकरी संपवून दापोली, गुहागर, देवगड, मालवणकडे कायमचं राहायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्याला लाइट बिल किती येतं? दोन माणसांचं बिनाएसीचं घर असेल तर त्या बिलाने कुणी बुडत नाही. खरा खड्डा पडतो तो एकाच संध्याकाळी फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर आणि पंपाचा स्टार्टर जळतो तेव्हा. दर वर्षी वळवाच्या पहिल्या पावसात कुठल्या ना कुठल्या वाडीत हे घडतं, आणि बहुतेक वेळा घर नव्याने आलेल्यांचं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

डीपीवरून, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल (परतीची तार) निघतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४१५. माडाचं चुडत (झावळी) तारेवर पडलं किंवा खाऱ्या हवेने सांधा गंजून न्यूट्रल सुटला की २३० चा हिशोब संपतो. ज्या घरात त्या वेळी कमी वस्तू चालू असतील तिथे ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो, आणि शेजारी दिवे मिणमिणतात. खूण अशी: दिवे एकदम लख्ख होतात, पंखा घोंघावत सुटतो. त्या क्षणी कारण शोधत बसू नका, मेन स्विच पाडा.

फ्रीजला स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इतक्या दाबाला तो स्वतःच जळतो. मीटरनंतर सगळ्या घरासाठी एकच ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. दाब साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेला की तो पुरवठा तोडतो, आणि दाब ठीक झाल्यावर थोड्या वेळाने आपोआप जोडतो. विजेच्या कडकडाटासाठी लागतो तो सर्ज प्रोटेक्टर. ही दोन वेगळी उपकरणं आहेत आणि घराला दोन्ही हवीत. दुकानदार एकच देऊन दोन्ही कामं होतील असं सांगेल, ऐकू नका. आणि काहीही बसवलेलं असलं तरी ढग गडगडायला लागले की टीव्हीची डिशची वायर आणि राउटर उपसून ठेवा. मे आणि ऑक्टोबरात घर कुलूपबंद करून जाताना मेन बंदच करा. फ्रीज रिकामा करायचा कंटाळा येतो म्हणून तो चालू ठेवून जाणाऱ्यांनी नवे फ्रीज घेतले आहेत.

सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग चांगलं असेल तरच काम करतो, आणि जांभ्याच्या कातळात चांगलं अर्थिंग मिळवणं कठीण. जांभा पाणी धरत नाही. एप्रिलमध्ये खड्डा कोरडाठाक होतो आणि रोध इतका वाढतो की उपकरणाच्या अंगात वीज उतरली तरी एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) पडत नाही. अर्थिंगचा खड्डा अंगणाच्या कडेला, सोयीच्या जागी खणू नका. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे किंवा माडाच्या आळ्याजवळ, जिथे बारा महिने ओल असते तिथे खणा. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला एक घागर पाणी ओता. शिवाय ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवीच. जुन्या चिरेबंदी घरांत ती क्वचितच सापडते.

आता बिल. पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० जवळपास दुप्पट दराने, पुढे ३०१ ते ५०० आणि त्यावर आणखी महाग. १०० ओलांडली की सगळीच युनिटं महाग होतात ही समजूत चुकीची आहे, फक्त वरची महाग होतात. स्थिर आकार घर बंद असलं तरी लागतो. वहन आकार (तारांतून वीज पोचवण्याचा) युनिटवर लागतो आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. घर बंद असल्यामुळे रीडिंग झालं नाही तर सरासरीचं बिल येतं. ते टाळायला महावितरणच्या ॲपवरून मीटरचा फोटो काढून रीडिंग स्वतः पाठवा. नवा टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटांना सवलत मिळते, म्हणून पंप आणि वॉशिंग मशीन दिवसा चालवा. घर विकत घेताना मागची थकबाकी शून्य असल्याचं बिल पाहूनच सही करा, आणि मीटर लगेच आपल्या नावावर करून घ्या.

बिल कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय पंख्यात आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. तीन पंखे रोज १६ तास चालले तर महिन्याला १०८ युनिटांच्या जागी ४३ लागतात. ती वाचलेली ६५ युनिटं बहुधा महागड्या टप्प्यातली असतात. शहरातून येणारी मंडळी आधी एसी घेतात आणि पंखे जुनेच ठेवतात, तिथेच गणित चुकतं. कौलारू खोलीत तक्तपोशी किंवा माळा नसेल तर एसी लावूच नका, थंड हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. लावायचाच तर बाहेरचं युनिट समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर नको. पूर्वेला किंवा उत्तरेला लावा आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. मीठ जाळीत साचलं की ती कुरतडली जाते आणि गॅस गळतो.

पाण्याच्या खर्चाबद्दल मात्र नवे लोक सर्वांत गाफील असतात. जुलैत काठोकाठ भरलेली विहीर पाहून घर घेतात. तीच विहीर एप्रिलच्या शेवटी बघायला या. जांभ्यातून पाणी झपाट्याने निथळून जातं, आणि २००० नव्हे, ३००० मिलिमीटर पाऊस झाला तरी मेमध्ये तळ दिसू शकतो. विहीर सामाईक असेल तर पाण्याचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या. गावात तोंडी चालत आलेलं पुढच्या पिढीत चालेलच असं नाही.

काठावर बसवलेला पंप व्यवहारात सात मीटरपलीकडून पाणी ओढत नाही, मग तो कितीही एचपीचा असो. वरून हवेचा जेवढा दाब आहे तेवढंच पाणी वर चढतं, मोठा पंप घेऊन त्यात फरक पडत नाही. म्हणून मार्चनंतर पाणी खाली गेलं की "पंप बिघडला" अशी ओरड होते. पंप आतल्या टप्प्यावर उतरवला तर आगोटीआधी आठवणीने वर घ्यावा लागतो, नाहीतर जूनच्या मध्यावर तो पाण्याखाली. नव्याने घेणाऱ्याने ओपनवेल सबमर्सिबल घ्यावा, तो बुडालेलाच असतो. त्याला ड्राय-रन बंद करणारं पॅनल जोडा, पाणी संपल्यावर चालू राहिला तर वाइंडिंग जाते.

एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो. हजार लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आत भरायला हवी. तास लागत असेल तर काठावरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) काढून बघा. त्याच्या जाळीत पानं आणि गाळ अडकलेला असतो, किंवा आतल्या वॉशरला खडा लागून तो गळत असतो. दर वेळी पंपात पाणी ओतून सुरू करावं लागत असेल तर फुटव्हॉल्व्हच दोषी.

खाडीपासून जवळ बोअर मारायचा विचार असेल तर शंभरदा विचार करा. जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली की खारं पाणी साधारण चाळीस मीटर वर येऊ शकतं. खोल मारलं म्हणजे भरपूर मिळेल, या हिशोबाने आपली आणि शेजाऱ्यांचीही विहीर खारट होते. एकदा खारट झालेली विहीर सुधारायला कित्येक पावसाळे जातात.

गॅसचं फार नाही: १४.२ किलोचे दोन सिलिंडर घ्या, पावसात गाडी उशिरा येते. आंघोळीचं पाणी मात्र नारळाची सोडणं-चुडतं घालून चुलवणावर तापवा. आगरात ती कुजतच असतात. गिझरला १५ लिटर पाणी तापवायला अर्धं युनिट लागतं.

सोलर घेताना एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि बिलासाठी ते उत्तम, पण जून ते सप्टेंबर उत्पादन निम्म्याच्या आसपास उतरू शकतं. पॅनलचा सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) मागा, आणि माडाची सावली एका पॅनलवरही पडू देऊ नका, ती सगळी ओळ खाली ओढते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. निदान रात्र काढायला इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी वेगळी हवी. दोन बीएलडीसी पंखे, तीन दिवे आणि राउटर त्यावर साधारण दहा-बारा तास चालतात.

खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतील तर आधी महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज करून कुठला दर लागेल ते ठरवून घ्या. घरगुती मीटरवर परवानगीशिवाय धंदा सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून चालू आहे ते कळत नसेल तर मागच्या पूर्ण १२ महिन्यांची.

वायरमनचा नंबर आणि १९१२ (वीज तक्रारीचा नंबर) मेनबोर्डाच्या आत चिकटवून ठेवा. वायरमनला दादा म्हणून हाक मारा. भर पावसात खांबावर चढणारा तोच असतो, आणि शहरी आवाजात दमदाटी करणाऱ्यांची तक्रार शेवटी राहते.

वादळानंतर लाइट आली की लगेच सगळं चालू करू नका. मेन चढवण्याआधी फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर यांचे प्लग काढलेले असू द्या आणि पंपाचा स्विच बंद. एक साधा पिवळा, तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) लावा आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघा. उजेड स्थिर असेल तर पंखा, मग दहा मिनिटांनी फ्रीज. पंप सगळ्यात शेवटी.