पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ आणि तिच्या जोडीचे त्रास कसे आवरायचे

गरोदरपणाच्या सुरुवातीला मळमळतंय, गळून जायला होतंय असं सांगितलं की बहुतेकींना एकच उत्तर मिळतं: ‘असं होतंच, सहन कर.’ होतं हे खरं आहे, दहापैकी सात-आठ जणींना मळमळ होते. सहन करत बसावं हे मात्र खरं नाही. मळमळ हलकी असताना आवरायला घेतली तर सहसा खाण्याच्या वेळा बदलून किंवा एका साध्या गोळीने भागतं. उलट्या वाढून अंगातलं पाणी कमी झालं की मळमळ आणखी चढते आणि मग तीच गोळी पोटात टिकत नाही. म्हणून उपाय लवकर सुरू करा.

आधी दिवस मोजण्याबद्दल, कारण इथे गोंधळ होतो. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात बऱ्याच जणींची उतरते. काहींना विसाव्या आठवड्यापर्यंत त्रास होतो. नववा आठवडा उलटेपर्यंत काहीच त्रास नव्हता आणि मग अचानक उलट्या सुरू झाल्या, तर त्या गरोदरपणामुळेच आहेत असं गृहीत धरू नका. लघवीच्या मार्गातला संसर्ग, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स अशी दुसरी कारणं तपासून घ्यावी लागतात.

हा त्रास मनाचा खेळ नाही. वारेतून जीडीएफ15 नावाचं एक संप्रेरक मोठ्या प्रमाणात रक्तात येतं आणि मेंदूतल्या उलटीशी संबंधित भागावर काम करतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं, की गरोदर राहण्यापूर्वी ज्यांच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, त्यांना ते वाढल्यावर जास्त त्रास होतो. त्यामुळे एकीला दिवसभर ओकाऱ्या आणि दुसरीला काहीच नाही, यात कुणाचं मन कमकुवत असण्याचा संबंध नाही. आणि मळमळ होत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, असाही अर्थ काढू नका.

पोट रिकामं ठेवू नका

उलटी होईल या भीतीने खाणं टाळलं जातं आणि नेमकं त्यानेच मळमळ वाढते. पोट रिकामं राहू द्यायचं नाही आणि गच्च भरू द्यायचं नाही, या दोनच गोष्टींवर बाकी सगळं बेतलेलं आहे.

सुरुवात रात्रीच करा. उशाशी कोरडी बिस्किटं, टोस्ट किंवा लाह्या ठेवा. सकाळी जाग आली की उठून बसण्याआधी दोन-तीन घास खा, 15 ते 20 मिनिटं पडून राहा, मग कुशीवर वळून हळूहळू उठा. पहाटे लघवीला उठावं लागत असेल तर तेव्हाही एखादा घास खाल्ला तर सकाळ बरी जाते. दात घासायचं अर्धा-पाऊण तास पुढे ढकला. ब्रश जिभेच्या मागच्या भागाला लागून उलटी होत असेल तर लहान मुलांचा ब्रश आणि तीव्र वास नसलेली पेस्ट वापरून बघा.

त्यानंतर दिवसभर दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं खा. नुसत्या गोड किंवा पिठूळ पदार्थांपेक्षा त्यात प्रथिनं असतील तर मळमळ जास्त वेळ लांब राहते: उकडलेलं अंडं, दही, भाजलेले दाणे, डाळ. तळलेलं, तिखट आणि खूप स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात, ते काही आठवडे बाजूला ठेवा. जे टिकतंय ते खा. या काळात आहार समतोल नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पहिल्या तिमाहीत गर्भाची गरज थोडी असते आणि ती तुमच्या शरीरातल्या साठ्यातून भागते.

पाण्याच्या बाबतीत होणारी चूक म्हणजे जेवताना किंवा एकदम पेलाभर पिणं. पोट ताणलं गेलं की सगळंच बाहेर येतं. खाणं आणि पिणं यांत 20 ते 30 मिनिटांचं अंतर ठेवा आणि घोट घोट पीत राहा. साधं पाणी नकोसं वाटत असेल तर गार पाणी, बर्फाचे तुकडे किंवा लिंबू पिळलेलं पाणी बऱ्याच जणींना चालतं.

वासाचा प्रश्न निराळा आहे. गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, म्हणून गार किंवा कोमट खाऊन बघा. शिजवताना खिडकी उघडी ठेवा, शक्य असेल तर स्वयंपाक काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे सोपवा. घरच्यांनी हे नखरे समजू नयेत. वास नाकात गेल्यावर येणारी उलटी ठरवून थांबवता येत नाही.

आणि आता गोळ्या. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणं हे मळमळ वाढण्याचं एक मोठं कारण आहे. ती रात्री झोपताना थोड्या खाण्याबरोबर घेऊन बघा. तरी त्रास झाला तर काही आठवडे थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर बहुधा चालतं. फोलिक अॅसिड मात्र सोडायचं नाही. दिवसाला 400 मायक्रोग्रॅमची ती छोटी गोळी सहसा मळमळ आणत नाही, आणि बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची घडण याच आठवड्यांत होत असते. डॉक्टरांनी तुम्हाला जास्त मात्रा सांगितली असेल तर तीच घ्या.

खाण्याने भागलं नाही तर

आल्याचा उपयोग होतो, पण प्रमाणात. अभ्यासांमध्ये साधारणपणे दिवसाला 1 ग्रॅम सुंठीची पूड, म्हणजे 250 मिलिग्रॅम चार वेळा, अशी मात्रा वापरलेली आहे. आल्याने मळमळ कमी होते, उलट्यांच्या संख्येत मात्र फारसा फरक पडेलच असं नाही. छातीत जळजळ होत असेल तर ते जपून घ्या, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्याजवळच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या लागणाऱ्या दोऱ्यांच्या मधोमध एक बिंदू असतो. तिथे दोन-तीन मिनिटं दाब द्यायचा किंवा त्यासाठी मिळणारा पट्टा बांधायचा. पुरावा मिश्र आहे, पण अपाय नाही, त्यामुळे करून बघायला हरकत नाही.

दोन-तीन दिवस हे सगळं नीट करूनही दिवस वाया जात असतील तर औषध मागा. पहिली पायरी ब जीवनसत्त्वातलं बी6, म्हणजे पायरिडॉक्सिन: 10 ते 25 मिलिग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा. पुढची पायरी त्याच्याबरोबर डॉक्सिलॅमिन. दोन्ही एकत्र असलेली, हळूहळू विरघळणारी गोळी मिळते. तिची नेहमीची सुरुवात रात्री झोपताना दोन गोळ्या अशी असते. ती रात्री घ्यायची, कारण तिचा असर सकाळी दिसतो. इथे दोन चुका होतात: मळमळ सुरू झाल्यावर ‘लागेल तशी’ घेणं आणि गोळी फोडून किंवा चावून घेणं. ही गोळी रोज आणि अख्खी गिळायची असते. झोप येते, त्यामुळे गाडी चालवू नका. गर्भाला अपाय होईल या भीतीने याच घटकांचं एक औषध 1983 मध्ये बाजारातून काढलं गेलं होतं. पुढच्या अभ्यासांत ती भीती खरी ठरली नाही आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जोडीला पुन्हा मान्यता दिली. सुरक्षिततेबद्दल इतकी माहिती असलेली औषधं गरोदरपणात थोडीच आहेत. तरी मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. घरात कुणासाठी आणलेली उलटीची दुसरी गोळी न विचारता घेऊ नका.

उलट्या चालू असताना एक वही ठेवा. दिवसातून किती उलट्या झाल्या, काय टिकलं, लघवी किती वेळा झाली, एवढंच लिहा. आठवड्यातून दोनदा सकाळी लघवी करून आल्यावर, एकाच काट्यावर वजन करा. गरोदर राहण्यापूर्वीच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे 55 किलोच्या बाईचं पावणेतीन किलो, ही साधी मळमळ राहत नाही. 24 तासांत पाणीसुद्धा टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी-तपकिरी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सलाईन लावून बऱ्याच जणी काही तासांत सावरतात. उलट्या दोन-तीन आठवड्यांपासून चालू असतील तर तसं स्पष्ट सांगा, कारण अशा वेळी ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी1, द्यावं लागतं. ते राहून गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

तोवर घरी जलसंजीवनीचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट घोट घ्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

उलटीनंतर लगेच दात घासू नका. आम्लामुळे दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो आणि ब्रशने तो झिजतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा. काही जणींना तोंडात सारखी लाळ येते. गिळून मळमळ वाढत असेल तर ती खुशाल थुंका.

थकवा

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढल्याने झोप येते, आणि शरीर रक्ताचं प्रमाण वाढवण्याच्या कामाला लागलेलं असतं. यावर झोपेशिवाय उपाय नाही. रात्री एक तास लवकर झोपा, दुपारी 20 ते 30 मिनिटं पडा, आणि मळमळ परवानगी देईल तेव्हा थोडं चाला. चहा-कॉफीने रेटू नका. कॅफिनची मर्यादा दिवसाला 200 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण दोन कप कॉफी, आणि चहा त्यातच धरायचा. थकव्याबरोबर दम लागत असेल, धडधडत असेल किंवा चेहरा पांढरा पडला असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. पहिल्या तिमाहीत हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय.

पोट साफ न होणं आणि जळजळ

या दोन्हींचं मूळ एकच: प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि अन्ननलिकेच्या खालची झडप सैल होते.

शौचासाठी भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य वाढवा, पण पाणी न वाढवता चोथा वाढवला तर पोट आणखी घट्ट होतं. इसबगोल एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यात लगेच पिऊन वर आणखी पाणी घ्या. कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल ठेवलं तर जोर कमी लावावा लागतो. आठवडाभरात फरक नाही पडला तर शौच मऊ करणाऱ्या लॅक्ट्युलोज या औषधाबद्दल विचारा. तीव्र जुलाबाची औषधं आणि एरंडेल नको.

जळजळीसाठी रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास आटोपा आणि डाव्या कुशीवर झोपा. पलंगाचा डोक्याकडचा भाग 15 ते 20 सेंटीमीटर उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि उलट परिणाम होतो. खाण्याचा सोडा पिऊ नका, त्याने सोडियम वाढतं. कॅल्शियमयुक्त किंवा अल्जिनेटची औषधं चालतात, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर.

बाकीचे त्रास

वारंवार लघवी लागणं स्वाभाविक आहे. मूत्रपिंडं जास्त रक्त गाळतात आणि वाढतं गर्भाशय मूत्राशयावर दाबतं. म्हणून पाणी कमी करू नका. फक्त झोपण्याआधीच्या दोन तासांत आवरतं घ्या. जळजळ, ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं किंवा लघवीला दुर्गंध असेल तर लघवी तपासा. गरोदरपणात हा संसर्ग लवकर मूत्रपिंडापर्यंत चढतो.

स्तन दुखत असतील तर तार नसलेली, नीट मापाची ब्रा घाला आणि रात्रीसाठी मऊ सुती ठेवा. माप या काळात बदलतं, जुनीच ब्रा घट्ट करून घालू नका.

डोकं दुखलं तर आधी पाणी, खाणं, झोप तपासा. रोजची कॉफी एकदम बंद केली असेल तर दोन-तीन दिवस डोकेदुखी होते, म्हणून हळूहळू कमी करा. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस. आयबुप्रोफेन आणि तत्सम वेदनाशामकं नकोत. उभं राहताना चक्कर येत असेल तर आधी बसा, पाय हलवा, मग उठा. अंधारी आली तर जिथे आहात तिथेच डाव्या कुशीवर आडव्या व्हा.

पांढरट, पातळ, वास नसलेला स्राव वाढणं नेहमीचं आहे. खाज, दह्यासारखा घट्टपणा, हिरवट रंग किंवा दुर्गंधी असेल तर दाखवा. आतून धुवू नका.

राहिला रक्तस्राव. पहिल्या 12 आठवड्यांत साधारण चौघींपैकी एकीला थोडं रक्त दिसतं आणि त्यातली बरीच गरोदरपणं पुढे नीट जातात. तरी कळवा, त्याच दिवशी. पॅड वापरा, म्हणजे किती जातंय हे सांगता येईल. सलग दोन तास, दर तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल, पोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर तातडीच्या विभागात जा. एका बाजूची कळ, खांद्याचं दुखणं किंवा भोवळ असेल तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असण्याची शक्यता धरा. विशेषतः अजून एकही सोनोग्राफी झालेली नसेल तर. एकट्या जाऊ नका, गाडी स्वतः चालवू नका, आणि जाताना शेवटच्या पाळीची तारीख व रक्तगट लिहून बरोबर ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते पोहोचताच सांगा.