लोकसभेचा निकाल वाचताना या चुका टाळा

गोव्यात लोकसभेच्या दोनच जागा असल्यामुळे इथला निकाल समजून घेणे सोपे असते, असा सर्वसाधारण समज आहे. २०२४ मध्ये उत्तर गोव्यातून भाजपचे श्रीपाद नाईक १,१६,०१५ मतांनी आणि दक्षिण गोव्यातून काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी निवडून आले. हे आकडे समोर येताच अमुक समाजाने असे केले, तमुक तालुक्याने तसे केले, आता विधानसभेत असेच होणार, असे निष्कर्ष गावोगावी निघू लागले. निकाल कोणाला किती मते मिळाली ते सांगतो. ती का मिळाली, याचे उत्तर त्यात आयते नसते आणि बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

पहिली चूक सकाळीच होते. मतमोजणी आठ वाजता टपाली मतांपासून सुरू होते आणि साधारण अर्ध्या तासाने यंत्रांतील मते मोजायला घेतात. सुरुवातीच्या आघाड्या मोजक्या मतांवर उभ्या असतात, त्यामुळे पडद्यावरील आघाडीपेक्षा किती मते मोजून झाली आहेत, हा आकडा आधी पाहावा.

मतांची टक्केवारी आणि जागा यांची सरमिसळ ही अधिक गंभीर चूक आहे. देशभरात भाजपला २०१९ मध्ये सुमारे ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या होत्या; २०२४ मध्ये मते ३६.६ टक्क्यांवर आली आणि जागा २४० झाल्या. टक्केवारी एका अंकानेही घसरली नाही, पण ६३ जागा गेल्या, कारण मते कुठे कमी झाली आणि कुठे वाढली, यावर जागा ठरतात. त्यातच पक्षाला मिळालेल्या मतांची प्रत्यक्ष संख्या २२.९ कोटींवरून २३.६ कोटींवर गेली होती, त्यामुळे ‘मते वाढली’ आणि ‘मते घटली’ ही दोन्ही विधाने खरी ठरतात. बोलणारा संख्येविषयी बोलतो आहे की टक्केवारीविषयी, हे विचारून घ्यावे लागते. काँग्रेसची राष्ट्रीय टक्केवारी वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पक्षाने २०१९ मध्ये ४२१ जागा लढवल्या होत्या आणि २०२४ मध्ये मित्रपक्षांशी वाटप केल्यामुळे ३२८. जिथे उमेदवारच नव्हता, तिथल्या समर्थकांची मते या टक्केवारीत दिसणार नाहीत. मते आणि जागा एकाच प्रमाणात चालत नाहीत, हे गोमंतकीयांना २०१७ च्या विधानसभा निवडणुकीवरून सहज कळावे. त्या वेळी भाजपला ३२.५ टक्के मते मिळून १३ जागा आल्या आणि काँग्रेसला २८.४ टक्के मतांवर १७.

पराभूत उमेदवारांच्या मतांची बेरीज करून ‘मते फुटली नसती तर’ असे म्हणण्यापूर्वी ती बेरीज प्रत्यक्ष करून पाहावी. २०२४ मध्ये उत्तर गोव्यात काँग्रेसचे रमाकांत खलप यांना १,४१,३११ आणि रिव्होल्यूशनरी गोवन्स पक्षाचे मनोज परब यांना ४५,६९३ मते मिळाली. दोन्ही मिळून १,८७,००४ होतात. श्रीपाद नाईक यांची मते २,५७,३२६ होती. म्हणजे मतविभागणीमुळे तिथला निकाल बदलला, हे म्हणणे साध्या गणितातही बसत नाही. दक्षिणेत मात्र रिव्होल्यूशनरी गोवन्स पक्षाची १८,८८५ मते विजयी मताधिक्याहून अधिक होती, म्हणून तिथे अंदाजांना ऊत आला. तो पक्ष रिंगणात नसता तर त्या मतदारांपैकी किती काँग्रेसकडे गेले असते, किती भाजपकडे आणि किती घरीच राहिले असते, हे निकालाच्या तक्त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती तालुका आणि धर्म यांवरून केलेली वाटणी. दक्षिण गोव्यातील २० विधानसभा मतदारसंघांपैकी ८ सासष्टी तालुक्यात आहेत आणि तिथे काँग्रेसला मोठी आघाडी मिळाली, हे खरे आहे. पण सासष्टीबाहेरच्या सांगे, सावर्डे किंवा मडकईत काँग्रेसला पडलेले मत सासष्टीतील नुवे किंवा वेळ्ळीतील मताइतकेच मोजले जाते, आणि भाजपच्या उमेदवार पल्लवी धेंपे यांना पडलेल्या २,०४,३०१ मतांत सासष्टीतीलही मते आहेत. फोंड्याबाबत तर आधी नकाशा पाहावा, कारण फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिण गोव्यात येतात, तर त्याच तालुक्यातील प्रियोळ उत्तरेत.

केंद्रनिहाय मते फॉर्म २० या अंतिम निकालपत्रकात मिळतात आणि ती अवश्य पाहावीत. मात्र एखाद्या केंद्रावर ८०० पैकी ५०० मते एका उमेदवाराला पडली आणि त्या वाड्यावर एका धर्माचे मतदारही साधारण तितकेच असले, म्हणून ती सगळी मते त्यांनीच दिली, असे सिद्ध होत नाही. त्यांतील काही मतदानाला आलेच नसतील, काहींनी विरोधात मत दिले असेल आणि शेजारच्या घरांनी ती उणीव भरून काढली असेल. मत गुप्त असते. कच्च्या तर्कावर शेजाऱ्याच्या माथी मत मारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

लोकसभेचा कौल जसाच्या तसा विधानसभेला लावू नये. एका मतदानाचा कौल दुसऱ्याला लागू होतोच असे नाही, याचा गोव्याइतका ठळक दाखला क्वचितच सापडेल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच ३० पैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मतदार तेच होते, विचारलेला प्रश्न वेगळा होता.

म्हणून तुलना करायची तर लोकसभेची लोकसभेशी करावी, तीही एकाहून अधिक निवडणुका घेऊन. दक्षिण गोव्यात २०१४ मध्ये भाजप ३२,३३० मतांनी जिंकला, २०१९ मध्ये काँग्रेस ९,७५५ मतांनी आणि २०२४ मध्ये काँग्रेसच १३,५३५ मतांनी. या तीन आकड्यांत दक्षिण गोवा कोणाचाही बालेकिल्ला दिसत नाही.