वर्गासमोर बोलताना अडलात तर

पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा हात धरून येतं. मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच अडतं. म्हणून अख्खं भाषण घोकू नका. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारी वाक्यं तेवढी पक्की करा. गाडी बहुधा याच सांध्यांवर अडते. पाच मिनिटांना तीन मुद्दे पुरतात. प्रत्येकाचं एक कार्ड करा, त्यावर मोठ्या अक्षरांत चार-पाच शब्द आणि कोपऱ्यात क्रमांक लिहा. कार्डं हातातून पडली तर क्रमांकच कामी येतो. पूर्ण वाक्यं लिहिलीत तर ऐनवेळी हवा तो शब्द सापडत नाही.

एवढं करूनही अडलात, तर आधी तोंड मिटा. ‘अं... म्हणजे...’ नको. श्वास सावकाश सोडा. तीन-चार सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्यांना तो साधा विराम वाटतो. मग शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा: ‘म्हणजेच, पानं सूर्यप्रकाशाच्या मदतीनं झाडाचं अन्न तयार करतात.’ बहुतेकदा एवढ्यात पुढचं आठवतं. नाहीच आठवलं तर कार्ड उघडपणे बघा. चोरून बघताना गोंधळ वाढतो. तरीही सुचलं नाही तर तो मुद्दा सोडून पुढे जा. तुम्ही काय बोलणार होतात हे वर्गाला कुठे माहीत असतं? नंतर आठवला तर ‘मघाशी एक गोष्ट राहिली’ म्हणून जोडा. माफी मागत बसू नका, सगळ्यांचं लक्ष विषयावरून तुमच्या घाबरण्याकडे जातं.

चुकीचा आकडा तोंडातून गेला तर मात्र लगेच सुधारा, एकाच वाक्यात: ‘सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे आठ मिनिटं लागतात, आठ सेकंद नव्हे.’

प्रोजेक्टर बंद पडला तर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त खटपट करू नका, फळ्याकडे वळा. मिनिटभरात काढता येईल अशी एक आकृती घरूनच सरावात ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये मागची स्लाइड हवी असेल तर स्लाइड शो चालू असतानाच तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा.

वेळ संपत आली तर वेग वाढवू नका, उदाहरणं गाळा. कोणती गाळायची ते कार्डावर वेगळ्या शाईनं आधीच खुणावून ठेवा.

प्रश्न आला की तो मोठ्यानं पुन्हा म्हणा: मागच्या बाकांना ऐकू जातो, तुम्हाला विचाराला वेळ मिळतो. उत्तर येत नसेल तर ‘एवढं मला ठाऊक आहे, पुढचं बघून सांगतो’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा.