ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोचं रेकॉर्डिंग निवडताना या चुका टाळा

जर्मन संगीतकार बाखचे सहा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो (वाद्यमेळासाठीच्या रचना) ॲपवर शोधले, की अल्बमची रांग संपता संपत नाही. मग बहुतेक जण सगळ्यात वरचा अल्बम लावतात किंवा ओळखीचं नाव बघून थांबतात. इथेच पहिली गफलत होते, कारण हे सहा कॉन्चेर्टो म्हणजे एकाच साच्यातल्या सहा रचना नाहीत. २४ मार्च १७२१ ही तारीख घालून बाखने ते ब्रँडेनबर्गचा मार्ग्राफ (ही जर्मन सरदारी पदवी) क्रिस्टियान लुडविग याला अर्पण केले, आणि त्यांतला वाद्यमेळ दर वेळी वेगळा ठेवला. पहिल्यात दोन हॉर्न आणि तीन ओबो आहेत. तिसऱ्यात तीन व्हायोलिन, तीन व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य), तीन चेलो. चौथ्यात एका व्हायोलिनसोबत दोन रेकॉर्डर, म्हणजे उभ्या धरून वाजवायच्या बासऱ्या. सहाव्यात तर व्हायोलिनच नाही. एकाच गटाला सहाही सारखेच साधतील, अशी अपेक्षा धरणं मुळात चूक.

तिसऱ्यावरून संच ठरवू नका

तिसऱ्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून नमुन्यादाखल तोच ऐकला जातो. पण त्यात फक्त तंतुवाद्यं आणि हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं, पियानोआधीचं कळफलक वाद्य) आहेत, आणि संगीताला स्वतःचाच एवढा जोर आहे की साधारण वाद्यवृंदाच्या हातूनही तो उभा राहतो. परीक्षा घ्यायची तर दुसऱ्याची घ्या.

दुसऱ्यात ट्रम्पेट, रेकॉर्डर, ओबो आणि व्हायोलिन असे चार एकल वादक आहेत. ट्रम्पेटचा भाग कमालीच्या उंच सुरांत लिहिलेला, आणि त्याच्या शेजारी रेकॉर्डरसारखं हळू आवाजाचं वाद्य. पहिला भाग सुरू झाला की थोड्याच वेळात चौघं एकेक करून पुढे येतात: व्हायोलिन, मग ओबो, मग रेकॉर्डर, शेवटी ट्रम्पेट. ट्रम्पेट आल्यावरही रेकॉर्डर ऐकू येतो का, एवढंच बघा. आजचं व्हॉल्व्हचं ट्रम्पेट आणि मोठा वाद्यवृंद असेल तर तो अनेकदा बुडतो. बाखच्या काळचं व्हॉल्व्ह नसलेलं ट्रम्पेट मऊ वाजू शकतं आणि बाकी तिघांत मिसळतं. माझ्या मते कुठल्याही संचाची खरी किंमत इथेच कळते.

मधल्या संथ भागात ट्रम्पेट गप्प असतो. ती रेकॉर्डिंगमधली उणीव नव्हे, बाखने तसंच लिहिलंय.

मात्र पहिल्या आणि तिसऱ्या भागांतही ट्रम्पेट सापडला नाही तर अल्बमचा तपशील वाचा. पाब्लो कासाल्स यांच्या १९५० च्या प्राद महोत्सवातल्या रेकॉर्डिंगमध्ये तो भाग सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवलाय. नेव्हिल मॅरिनर यांच्या १९७१ च्या संचात तो हॉर्नकडे दिलाय, कारण तो संच संगीत-अभ्यासक थर्स्टन डार्ट यांनी मांडलेल्या, बाखच्या आधीच्या आराखड्यावर बेतलेल्या पाठानुसार आहे. दोन्ही जरूर ऐकावीत, पण पहिलं रेकॉर्डिंग म्हणून नकोत.

जुनं म्हणजे टाकाऊ, ‘अस्सल वाद्यं’ म्हणजे उत्तम

हे दोन्ही समज सोडून द्यावेत. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी १९६४ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्चेन्टुस म्युझिकुस या गटाबरोबर बाखच्या काळच्या जुन्या वाद्यांवर हे कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ती वाद्यं वाजवणारे मोजकेच होते आणि काही सूर डळमळतात. तरी प्रत्येक वाद्याचा वेगळा रंग तिथे कानाला लख्ख जाणवतो. उलट ॲडोल्फ बुश यांचा १९३५ चा संच आधुनिक वाद्यांचा आहे आणि पाचव्यात हार्प्सिकॉर्डऐवजी रुडॉल्फ सेर्किन चक्क पियानो वाजवतात. शास्त्र म्हणून ते आज कुणी करणार नाही. पण त्याच कॉन्चेर्टोच्या संथ भागात, जिथे बासरी, व्हायोलिन आणि कळफलक एवढेच तिघं असतात, तिथे ती मंडळी एकमेकांचं ज्या आस्थेनं ऐकतात ते मला इतरत्र क्वचितच सापडतं.

कार्ल रिश्टर आणि म्युनिक बाख ऑर्केस्ट्रा यांनाही ‘जुन्या पद्धतीचे’ म्हणून बाजूला सारू नका. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर दुसऱ्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग त्यांचाच आहे. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे, म्हणजे गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आणि जर्मनीतल्या कोथेनचा बाख एकत्रच प्रवासाला निघालेत. रिश्टर यांची लय कडक, ठाम असते. नाचरेपणा हवा असेल तर ती जड वाटेल, हे खरं.

साल आणि नाव नीट तपासा

ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं. बुश यांचा १९३५ चा संच एकविसाव्या शतकातलं साल लावून समोर येऊ शकतो, आणि मग खरखर ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. दुसरी अडचण म्हणजे एकाच संचालकाचे दोन संच. ट्रेव्हर पिनॉक यांचा इंग्लिश कॉन्सर्टबरोबरचा १९८२ चा संच आणि युरोपियन ब्रँडेनबर्ग एन्सेम्बलबरोबरचा २००६ चा संच यांत वादक वेगळे आहेत आणि स्वभावही. हार्नोनकोर्ट, कारायान यांचेही दोन-दोन आहेत. कुणी ‘पिनॉक ऐक’ म्हणालं तर ‘कुठला?’ असं विचारायला हवं. ‘बेस्ट ऑफ बरोक’ छापाचे संग्रह टाळाच. त्यांत दर ट्रॅकला वादक बदलतात आणि नावं सहसा धड दिलेली नसतात.

‘रेकॉर्डिंग बिघडलंय’ असं वाटतं तेव्हा

तिसऱ्या कॉन्चेर्टोचा मधला ट्रॅक काही सेकंदांत संपला? फाइल ठीक आहे. बाखने तिथे एकच माप (बार) आणि दोन स्वरमेळ (कॉर्ड) लिहिलेत. काही गट तेवढंच वाजवतात, काही त्याभोवती व्हायोलिनची किंवा हार्प्सिकॉर्डची छोटी आलापी घालतात, काही बाखची दुसरीच रचना आणून बसवतात. शेवटचा प्रकार मला खटकतो. त्या दोन स्वरमेळांनी ताणून धरलेली अपेक्षा पुढच्या भागात लगेच सुटायला हवी. ॲपमध्ये ट्रॅकच्या मध्ये खंड पडत असेल तर सलग वाजवण्याची सोय चालू करा आणि शफल बंद ठेवा.

कीबोर्डवर सोबत वाजवताना सगळं अर्धा सूर खाली लागतं? जुन्या वाद्यांचे बरेच गट ‘ए’ या सुरासाठी आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४१५ हर्ट्झची पट्टी धरतात. एफ मेजरमधला दुसरा कॉन्चेर्टो मग ई मेजरमध्ये असल्यासारखा ऐकू येतो.

पाचव्यात हार्प्सिकॉर्ड ऐकूच येत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिचं कारण दोन ठिकाणी असू शकतं. फोनच्या स्पीकरवर त्याचा खालचा आवाज हरवतो आणि कमी बिटरेटच्या फाइलमध्ये तारेचा टोकदार आघात पुसट होतो, म्हणून आधी हेडफोन लावा आणि ॲपमधला दर्जा वाढवा. तरी फरक पडला नाही तर वाद्यवृंद मोठा आहे असं समजा आणि रेकॉर्डिंग बदला. पहिल्या भागाच्या शेवटाकडे बाकी सगळे थांबतात आणि हार्प्सिकॉर्ड तब्बल ६५ मापं एकटं वाजतं. फक्त तिथेच ते ऐकू येत असेल, तर आधीचा सगळा संवाद वाया गेला. उलट त्या एकट्या जागी ते कर्कश वाटलं तर आवाज कमी करा. खऱ्या खोलीत हे वाद्य एवढं मोठं कधीच वाजत नाही.

वेगाला भुलू नका

राइनहार्ड गोबेल आणि म्युझिका अँटिक्वा क्योल्न यांनी १९८० च्या दशकात सहाव्याचा पहिला भाग थक्क करणाऱ्या वेगात वाजवला. कौशल्य अफाट आहे. पण तिथे दोन व्हिओला जेमतेम अर्ध्या मात्रेच्या अंतरानं एकमेकांचा पाठलाग करतात, आणि लय फार चढली की पुढे कोण, मागे कोण, हे कळेनासं होतं. हा पाठलाग दोन्ही कानांत वेगवेगळा ऐकायचा असेल तर अकाडेमी फ्युर आल्टे म्युझिक बर्लिनचा २०२१ चा संच घ्या. त्यात आंत्वान तामेस्ती व्हिओलावर आहेत.

अगदी पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मी पिनॉक यांचा १९८२ चा संच सुचवेन. नंतर फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्राचा २०१४ चा ऐकावा. कुठलं वाद्य कोणतं हे ओळखता येत नसेल तर नेदरलँड्स बाख सोसायटीची मोफत चित्रीकरणं यूट्यूबवर आहेत. त्यांतला सहावा आधी बघा, कारण व्हिओला आणि व्हिओला द गांबा (पायांमध्ये धरून वाजवायचं तंतुवाद्य) यांचा फरक पाहिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.